झडप गळते, ठोकेही अनियमित: ऑपरेशनच्या वेळीच 'मेझ' करून घ्यावी का?

खडीसाखर

नमस्कार मंडळी. आईबद्दल (वय ६१, नाशिक) लिहितेय. निर्णय डॉक्टरांशी बोलूनच होणार आहे, पण दोन सर्जननी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्यामुळे घरात नुसता गोंधळ उडालाय. यातून गेलेल्यांचे अनुभव आणि जाणकारांकडून माहिती हवी आहे.

आईची मायट्रल झडप गळते हे बरीच वर्षं माहीत होतं. दरवर्षी टूडी एको व्हायचा, 'मॉडरेट एमआर' (मायट्रलची मध्यम गळती) असं लिहून यायचं, फाइल परत कपाटात. दिवाळीनंतर मात्र जिना चढताना दम लागायला लागला, रात्री उताणं झोपवेना आणि मधेच छातीत फडफड सुरू झाली. ईसीजीमध्ये एट्रियल फिब्रिलेशन (एएफ, म्हणजे वरच्या कप्प्यांची बेताल थरथर) निघालं. नव्या एकोत गळती 'सिव्हिअर', झडपेच्या मागच्या पडद्याला धरून ठेवणारी एक दोरी तुटलेली, डावा वरचा कप्पा ५.१ सेंमी, पंपिंग ५८ टक्के. सध्या मेटोप्रोलॉल, टॉरसेमाइड आणि रक्त पातळ करायची अपिक्साबॅन चालू आहे.

पहिले सर्जन म्हणाले, झडप दुरुस्त करू, रिंग बसवू, ठोक्यांचं नंतर गोळ्यांवर बघू, ऑपरेशनची वेळ उगाच कशाला वाढवायची. दुसरे म्हणाले, छाती उघडतोच आहोत तर त्याच वेळी मेझ (ठोके तालावर आणायची शस्त्रक्रिया) करू आणि त्या कप्प्याची छोटी पिशवी बंद करून टाकू. पण पेसमेकर लागायची शक्यता थोडी वाढते. आई पेसमेकरचं नाव ऐकूनच हबकली आहे. बाबांचं म्हणणं, पंपिंग ५८ म्हणजे चांगलंच आहे की, घाई काय आहे?

कुणी मेझ करून घेतली आहे का? आणि नंतर रक्त पातळ करायच्या गोळ्या सुटतात का?

कोकणरेल

काळजी करू नका. मूळ दुखणं झडपेचं आहे ना, मग ती बसली की ठोके आपोआप जाग्यावर येतील. आमच्या शेजारच्या काकांचे आले होते.

डॉ. अर्धविराम

कोकणरेल, काहींचे येतात, बऱ्याच जणांचे येत नाहीत. खडीसाखर यांच्या प्रश्नाची गोम तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. (मी फिजिशियन आहे, सर्जन नाही. रिपोर्ट न बघता लिहितोय, तेवढ्याच बेताने घ्या.)

मायट्रल झडप गळते तेव्हा दर ठोक्याला थोडं रक्त पुढे महाधमनीत जायच्या ऐवजी उलटं, डाव्या वरच्या कप्प्यात येतं. त्या कप्प्याची भिंत पातळ असते. वर्षानुवर्षं जादा रक्त सांभाळता सांभाळता ती ताणते, कप्पा फुगतो आणि स्नायूंच्या मधेमधे व्रणासारखे तंतू तयार होतात. मग विजेचा संदेश सरळ वाटेने जात नाही. वळसे घेतो, स्वतःभोवती फिरत बसतो. कप्पा आकुंचन पावायच्या ऐवजी नुसता थरथरत राहतो आणि खालच्या कप्प्यापर्यंत संदेश वाटेल तसे पोचतात. म्हणून नाडी कधी भरभर, कधी रेंगाळत, आणि त्यात कसलाच ताल नाही. ईसीजीतली पी लहर गायब होते ती यामुळेच.

आता झडप दुरुस्त केली की मागचा दाब जातो, पण झालेले व्रण जागच्या जागी राहतात. एएफ नुकतंच सुरू झालेलं असेल, येऊनजाऊन असेल, कप्पा फार फुगलेला नसेल, तर ताल आपोआप परत येऊ शकतो. सतत टिकून राहिलेल्या एएफमध्ये ती शक्यता बरीच कमी. अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांनी मिळून केलेली एक चाचणी २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आली. मायट्रल झडपेचं ऑपरेशन होणारे आणि टिकून राहिलेलं एएफ असलेले २६० रुग्ण. निम्म्यांचं फक्त झडपेचं काम केलं, निम्म्यांना सोबत अॅब्लेशन (भरकटलेल्या विजेच्या वाटा बंद करणं, मेझ हा त्यातलाच प्रकार). सहा महिन्यांनी आणि वर्षाने, दोन्ही वेळा एएफ नसलेले किती, तर अॅब्लेशनवाल्यांत ६३ टक्के, नुसत्या झडपवाल्यांत २९ टक्के. म्हणजे कोकणरेल यांचे काका त्या २९ मधले. असे लोक असतात, पण त्यांच्यावर भिस्त ठेवून ऑपरेशन ठरवायचं नसतं.

आणि खडीसाखर, बाबांना एक नीट समजावून सांगा. चांगल्या झडपेच्या माणसात पंपिंग ५८ म्हणजे उत्तम. गळक्या झडपेत तसं नाही. तिथे खालच्या कप्प्याला मागच्या बाजूनेही रक्त ढकलायची सोपी वाट मोकळी असते, त्यामुळे आकडा फुगून दिसतो. म्हणून अशा गळतीत पंपिंग ६० किंवा त्याखाली आलं की स्नायू थकायला लागला असं धरतात. त्यात दम लागतोय. त्यामुळे 'ऑपरेशन करायचं का' हा प्रश्न माझ्या मते उरलेला नाही. 'त्यात काय काय करायचं' हाच खरा प्रश्न.

खडीसाखर

धन्यवाद डॉक्टर. ५८ चा हा अर्थ आम्हाला कुणीच सांगितला नव्हता. बाबांना आताच वाचून दाखवलं, ते गप्प झाले.

पण मग पहिल्या सर्जननी मेझ नको का म्हटलं असेल? आणि पेसमेकरचा धोका कितपत खरा?

डॉ. अर्धविराम

धोका खरा आहे, लपवण्यात अर्थ नाही. त्याच चाचणीत कायमचा पेसमेकर बसवायची वेळ अॅब्लेशनवाल्यांत १०० रुग्णवर्षांमागे २१.५ इतक्या प्रमाणात आली, दुसऱ्या गटात ८.१. आणि वर्षभरातल्या मृत्यूंत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. पहिले सर्जन बहुधा याच आकड्यांवर बोट ठेवत असतील, तेव्हा त्यांना अडाणी समजू नका. ज्यांनी फारशा मेझ केलेल्या नाहीत त्यांनी 'मला नको' म्हणणं हेही प्रामाणिकपणाचंच.

दुसरी बाजू अशी. पेसमेकर लागण्यामागे काही वेळा अॅब्लेशनच्या रेषा असतात. पण काही रुग्णांत हृदयाचा मूळ ताल देणारी गाठच आधीपासून मंदावलेली असते, एएफच्या गोंगाटात ते कळत नाही, आणि एएफ गेलं की उघडं पडतं.

मेझ म्हणजे नेमकं काय तेही सांगतो, कारण नावावरून काहीच बोध होत नाही. डॉ. जेम्स कॉक्स यांनी १९८७ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली. कल्पना अशी की वरच्या कप्प्यांत ठरावीक रेषांवर काप घेऊन परत शिवायचं. तिथे व्रण धरतो आणि व्रणातून वीज जात नाही. रेषा अशा आखायच्या की भरकटलेल्या संदेशाला फिरायला गोल वाटच मिळू नये, पण मूळ गाठीपासून खालच्या कप्प्यापर्यंत एक सलग वाट शिल्लक राहावी. आता कापायच्या ऐवजी बहुतेक रेषा रेडिओफ्रीक्वेन्सीच्या चिमट्याने भाजून किंवा क्रायोच्या सळईने गोठवून काढतात. त्यामुळे वेळ पुष्कळ कमी झाला आहे. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत, मायट्रलचं ऑपरेशन होणाऱ्या आणि ताल परत आणण्याजोग्या एएफ रुग्णांत सोबत अॅब्लेशन करावं अशी पहिल्या दर्जाची शिफारस आहे. ५.१ चा कप्पा फुगलेला आहे, पण हाताबाहेर गेलेला नाही. साडेपाच-सहाच्या पुढे गेला की यश घटत जातं.

सर्जनना सरळ विचारा: तुम्ही वर्षाला अशा किती करता? दोन्ही कप्प्यांत करणार की फक्त डाव्या? रेडिओफ्रीक्वेन्सी की क्रायो? चांगला सर्जन या प्रश्नांवर चिडत नाही.

खवचट_मिसळ

डॉक्टरसाहेबांनी सगळं सांगितलं, बिलाचं राहिलं. एका खाजगी इस्पितळात आम्हाला 'पॅकेज'मध्ये झडप होती. अॅब्लेशनचा चिमटा, क्रायोची सळई, पिशवीची क्लिप हे सगळं 'कन्झ्युमेबल्स'खाली वेगळं लागलं, आणि ते कळलं डिस्चार्जच्या दिवशी. आधी लेखी अंदाजपत्रक मागा. त्यात अॅब्लेशनचं साहित्य आणि पिशवी बंद करायचं साहित्य या दोन ओळी वेगळ्या दिसल्याच पाहिजेत. पिशवी नुसती टाक्यांनी शिवूनही बंद करता येते, क्लिपच पाहिजे असं नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत झडपेची ऑपरेशनं बसतात, मर्यादा आता ५ लाखांची आहे. अॅब्लेशनचा खर्च त्यात धरतात का, हे आरोग्यमित्राला समोर बसवून विचारा. 'हो हो, होईल' यावर जाऊ नका.

तुंगभद्रा

मी स्वतः रुग्ण, सोलापूर. माझी गोष्ट वेगळी आहे, पण इथे वाचणाऱ्या कुणाला तरी लागू पडेल.

लहानपणी संधिवाताचा ताप (ऱ्हुमॅटिक फिव्हर) झाला होता, घसा दुखण्यावर कोण लक्ष देतं तेव्हा. त्यात मायट्रल झडप खराब झाली. माझी नुसती गळत नाही, अरुंदही झालेली आहे. पहिल्या बाळंतपणात दम लागला तेव्हा कळलं. फुग्याने झडप उघडून घेतली, ती काही वर्षं टिकली, मग धातूची झडप बसली. एएफ आहेच. ताल परत आणायच्या नादाला डॉक्टर लागले नाहीत. कप्पा खूप मोठा आहे. वेग आवरण्यासाठी मेटोप्रोलॉल आणि डिगॉक्सिन. डिगॉक्सिन आठवड्यातले पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी.

खडीसाखर यांच्या आईला अपिक्साबॅन चालू आहे. ते वाचून माझ्यासारखी एखादी म्हणेल, मलाही तीच द्या, महिन्याच्या महिन्याला सुई टोचून घेणं नको. तर तसं करू नका. मी हे माझ्या डॉक्टरांना विचारलं होतं. धातूच्या झडपेला आणि मध्यम किंवा जास्त अरुंद झालेल्या मायट्रलला जुनीच गोळी, म्हणजे वॉरफेरिन किंवा आपल्याकडे जास्त चालणारी अॅसिट्रॉम. माझा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला सांगितलाय.

माझी वही आहे. तारीख, आयएनआर, गोळी किती, आणि शेवटच्या रकान्यात 'काय वेगळं खाल्लं/घेतलं'. त्या शेवटच्या रकान्यामुळे सगळं उलगडतं. पोटासाठी मेट्रोनिडाझोल घेतली आणि आयएनआर पाचच्या वर गेला, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त. भावाच्या लग्नाला गेले, आठवडाभर रोज मेथी-पालक, तर आयएनआर १.७. पालेभाजी सोडायची नाही, रोज साधारण तेवढीच खायची, एवढाच नियम. आणि अर्धी गोळी करायची असेल तर विळीवर करू नका, औषधाच्या दुकानात गोळी कापायची डबी मिळते. विळीवर कधी पाऊण होते, कधी पाव.

डॉ. अर्धविराम

तुंगभद्राताई, फार मोलाचं लिहिलंत. त्याला थोडा आधार जोडतो.

दाबिगॅट्रान ही नवी गोळी धातूच्या झडपेच्या रुग्णांना देऊन बघितली होती. २०१३ साली निकाल आला, गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त, चाचणी मधेच थांबवावी लागली. संधिवाताच्या तापाने झालेल्या झडपविकारातल्या एएफसाठी २०२२ साली 'इन्व्हिक्टस' चाचणी आली. साडेचार हजारांवर रुग्ण, बहुतेकांची मायट्रल अरुंद झालेली, आपल्या भारतातलेही होते. रिव्हारोक्साबॅन विरुद्ध वॉरफेरिन गटातल्या गोळ्या. सगळ्यांना वाटलं होतं नवी गोळी निदान बरोबरीत राहील. प्रत्यक्षात जुन्या गोळीवरच्या रुग्णांत पक्षाघातासारख्या घटना आणि मृत्यू कमी निघाले, आणि रक्तस्राव जास्त झाला असंही नाही.

उलट नुसती गळती असेल, अरुंदपणा नसेल, तर अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन या गोळ्या चालतात. सारख्या तपासण्या लागत नाहीत, आणि जेनेरिक आल्यापासून परवडतातही. म्हणून एकोच्या कागदावर फक्त 'एमआर' वाचून थांबू नका, 'एमएस' (मायट्रलचा अरुंदपणा) काय लिहिलंय तेही बघा. आपल्या भागात दोन्ही एकत्र असलेले रुग्ण पुष्कळ आहेत.

एक अवांतर: ज्यांना लहानपणी हा ताप झाला आणि झडपेवर परिणाम आहे, त्यांची दर तीन आठवड्यांची पेनिसिलिनची सुई 'आता काय, बरं वाटतंय' म्हणून बंद केली जाते. ती किती वर्षं घ्यायची हे डॉक्टरांनी ठरवायचं. सुई दुखते हे खरंय, पण ताप उलटला तर उरलीसुरली झडपही जाते.

ओहायोकर

माझं प्रकरण उलट्या टोकाचं. एएफ आधी, गळती नंतर. इथे कोलंबसला आधी बरेच दिवस 'स्ट्रेस असेल' म्हणून काढले, मग घड्याळाने अनियमित ठोक्यांचा इशारा दिला. एकोत गळती मध्यम, पण झडपेचे पडदे, दोऱ्या सगळं धड. कार्डिऑलॉजिस्टने समजावलं की कप्पा फुगल्यामुळे झडपेची कडी ताणली गेली आहे, पडदे एकमेकांना नीट टेकत नाहीत, म्हणून गळती. अशांत ताल परत आणला तर गळती कमी होऊ शकते.

कॅथेटर अॅब्लेशन करून घेतलं. मांडीतल्या शिरेतून नळी, फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी गोल चटके. छाती उघडायची भानगड नाही. ताल टिकला आणि पुढच्या एकोत गळती 'माइल्ड'. पण वजन कमी करा, घोरण्याची तपासणी करा, शनिवारची बिअर सोडा, हेही त्याच कागदावर लिहून दिलं होतं. घोरण्यामागे स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) निघाला, रात्री मास्क लावून झोपतो. बायको म्हणते, अॅब्लेशनपेक्षा मास्कचाच उपकार मोठा.

खडीसाखर, तुमच्या आईसाठी हा मार्ग आहे का विचारून बघा?

डॉ. अर्धविराम

ओहायोकर, तुमच्या बाबतीत गळती हा एएफचा परिणाम होता. खडीसाखर यांच्या आईची दोरी तुटली आहे, ती कॅथेटरने एएफ घालवून सांधणार नाही. आणि तीव्र गळती तशीच ठेवून अॅब्लेशन केलं तर कप्पा ताणत राहणार आणि एएफ परत येणार. त्यांना आधी किंवा सोबत झडपच. दोन रुग्णांच्या कागदावर तेच दोन शब्द असतात, 'एमआर' आणि 'एएफ', पण कोण आधी आलं यावरून सगळा उपचार फिरतो. हे एकोवाल्या डॉक्टरांना मुद्दाम विचारायचं.

हिरवी_वेलची

सगळे ऑपरेशन आणि इंग्रजी गोळ्यांवरच बोलतायत. आमच्याकडे अर्जुनसालीचा काढा आणि अर्जुनारिष्ट पूर्वापार देतात हृदयाला. एकदा देऊन बघायला काय हरकत आहे? गोळ्या हळूहळू बंद करता येतील.

सिस्टर_रातपाळी

हरकत आहे ताई. आयसीयूत काम करते म्हणून पोटतिडकीने लिहिते. काढ्याने गुठळीचा धोका जातो असं कुठे सिद्ध झालेलं नाही, आणि तुटलेली दोरी काढ्याने जुळत नाही. अरिष्टात आंबवल्यामुळे मद्यार्क असतो, आणि दारू एएफला चाळवते. घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या. पण रक्त पातळ करायची गोळी 'हळूहळू बंद' हे शब्द वाचून अंगावर काटा आला. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी धरते, ती सुटून मेंदूत गेली की एका सकाळी अर्धं अंग जातं. अशी माणसं आमच्याकडे येतात आणि नातेवाईक सांगतात, 'बरं वाटत होतं म्हणून गोळी सोडली होती.' अॅस्पिरिन त्या गोळीच्या जागी चालत नाही, हेही लिहून ठेवते, कारण 'रक्त पातळ करायची एक गोळी चालू आहे ना' म्हणून लोक इकोस्प्रिनवर निर्धास्त असतात.

खडीसाखर, ऑपरेशननंतरचं थोडं सांगते, कारण आत जाऊन बघितलं की नातेवाईक घाबरतात. आईच्या छातीखालून दोन-तीन बारीक तारा बाहेर आलेल्या दिसतील, डब्याला जोडलेल्या. तो तात्पुरता पेसमेकर. मेझ केलेल्यांना सुरुवातीला ठोके मंद पडले तर त्यावर चालवतात, आणि बऱ्याच जणांचा स्वतःचा ताल काही दिवसांत परत येतो. त्या तारा दिसल्या म्हणजे कायमचा पेसमेकर बसला असं नव्हे. पहिल्या काही दिवसांत एएफ परत आलं तरी मेझ फसली म्हणून रडू नका. हृदयाला सूज असते. पहिल्या तीन महिन्यांतले झटके हिशेबात धरत नाहीत.

तेव्हा बहुधा अमिओडॅरोन देतील, आधी शिरेतून, मग गोळी. चांगलं औषध आहे, पण त्यात आयोडीन भरपूर. लांबवलं तर थायरॉइड, लिव्हर, फुप्फुस बघत राहावं लागतं, आणि उन्हात कातडी लवकर भाजते. अॅसिट्रॉम किंवा वॉरफेरिनबरोबर असेल तर आयएनआर चढतो, डिगॉक्सिनबरोबर असेल तर डिगॉक्सिनची पातळी. 'ही किती महिने' हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. नाहीतर तीच चिठ्ठी वर्षानुवर्षं दुकानात फिरत राहते.

घरच्या बीपी मशीनचंही एक. एएफमध्ये ते एकदा १४०, लगेच ११५ दाखवतं. मशीन बिघडलेलं नसतं. लागोपाठ तीन वेळा घ्या आणि सरासरी काढा. नाडी मोजायची तर मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. एएफमध्ये काही ठोके इतके दुबळे असतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून डॉक्टर नळी छातीवर लावून मोजतात तेव्हा त्यांचा आकडा तुमच्यापेक्षा जास्त येतो.

खवचट_मिसळ

सिस्टर, मशीन दोनदा बदलून आणलं होतं आम्ही. दुकानदाराची माफी मागायला जातो.

खडीसाखर

काल परत दुसऱ्या सर्जनकडे गेलो. इथले सगळे प्रश्न लिहून नेले होते. चिडले नाहीत, उलट कागद घेऊन हृदयाचं चित्र काढून रेषा कुठे कुठे येणार ते दाखवलं. झडप दुरुस्तच करणार, बदलायची वेळ आली तरच बदलणार. आईच्या वयाचा विचार करता तेव्हा जैविक झडप बसवू म्हणाले. अॅब्लेशन दोन्ही वरच्या कप्प्यांत, पिशवी आतून शिवून. आधी घशातून नळी घालून एको करून पिशवीत गुठळी नाही ना ते बघणार. पेसमेकरबद्दल आईला त्यांनीच समजावलं, मी सांगून पटलं नव्हतं ते त्यांनी सांगून पटलं.

गोळ्यांचं मात्र उत्तर मनासारखं नाही. पिशवी बंद केली, ताल आला, तरी अपिक्साबॅन चालूच राहील म्हणाले. मग पिशवी बंद करायची कशाला, असं बाबा विचारतायत.

डॉ. अर्धविराम

बाबांचा प्रश्न रास्त आहे. एएफमधल्या बहुतेक गुठळ्या त्या पिशवीत धरतात, पण सगळ्या नाही. २०२१ साली 'लाओस-३' नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. एएफ असलेले आणि दुसऱ्या कारणासाठी हृदयाचं ऑपरेशन होणारे ४,७७० रुग्ण. पिशवी बंद केलेल्यांत पक्षाघात किंवा गुठळी अडकण्याच्या घटना ४.८ टक्के, न केलेल्यांत ७ टक्के, सरासरी पावणेचार वर्षांत. यातली मेख अशी की दोन्ही गटांतले बहुतेक लोक रक्त पातळ करायची गोळी घेतच होते. म्हणजे पिशवी बंद करण्याचा फायदा गोळीच्या वरचा आहे. गोळीऐवजी चालेल का, हे त्या चाचणीने तपासलेलंच नाही. तुमच्या सर्जननी योग्य तेच सांगितलं.

पुढे गोळी चालू ठेवायची की नाही हे ताल बघून ठरत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, आधी पक्षाघात झालाय का, हृदयाचा कमकुवतपणा, यावर ठरतं. ताल चांगला असताना गोळी थांबवायचा विचार झालाच तर तो होल्टर (अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) लावून, कार्डिऑलॉजिस्टबरोबर. एएफचे झटके बऱ्याचदा जाणवतच नाहीत, त्यामुळे 'मला फडफड होत नाही' हा पुरावा नाही. आणि जैविक झडप बसवावी लागली तरी एएफसाठी नवी गोळी चालू शकते. रिव्हारोक्साबॅन जैविक मायट्रल झडपेत वॉरफेरिनपेक्षा मागे पडत नाही, असं २०२० साली ब्राझीलमधल्या चाचणीत दिसलं आहे. सुरुवातीच्या काही आठवड्यांत कुठली गोळी, हे सर्जन ठरवतील.

खडीसाखर

बाबा समाधानी. आता एकच. ऑपरेशनआधी दाताच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी आणायला सांगितली आहे. आईची एक दाढ किडलेली आहे आणि ती म्हणते, हृदयाच्या ऑपरेशनपुढे दाढेचं काय घेऊन बसलात, नंतर बघू.

तुंगभद्रा

नंतर नको, आधीच. किडक्या दाढेतले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसले तर सगळं केलेलं वाया. मला दर वेळी दात काढायच्या आधी तासभर अँटिबायोटिक घ्यावं लागतं.

डॉ. अर्धविराम

अगदी बरोबर. झडपेत रिंग बसली की त्यांनाही दाताच्या मोठ्या कामाआधी अँटिबायोटिक लागणार, सवयीचं करून ठेवा. आता दाढ काढताना अपिक्साबॅनचं काय करायचं हे दंतवैद्याने कार्डिऑलॉजिस्टला फोन करून ठरवावं. एका दाढेसाठी बहुतेक वेळा फार तर सकाळचा डोस मागेपुढे करतात, दिवसचे दिवस बंद ठेवायची गरज नसते. दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉल. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळीबरोबर नको, दुकानदाराने आपणहून पुड्यात बांधून दिली तरी परत करा.

खडीसाखर

सोमवारची वेळ घेतली दाताची. कार्डिऑलॉजिस्टचा नंबर आईच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय. ऑपरेशनची तारीख मिळाली की इथेच कळवते.